धान पऱ्ह्यात पिकत नाही

‘आता पहिल्यासारखं वाटत नाही.’

हे वाक्य आमच्या मंडळ्यांमध्ये दर वर्षी जूनच्या मध्याला ऐकू येतं. मे महिन्यात शिबिरं होतात, संजीवन सभा होतात. तीन-चार दिवस गाणी, उपदेश, रात्री उशिरापर्यंतच्या प्रार्थना. माणसं रडतात, क्षमा मागतात, हात वर करून जीवन समर्पित करतात. मग घरी येतात. पहिला पाऊस पडतो, बियाण्याची, खताची, शाळेच्या फीची धांदल सुरू होते, आणि एखादा तरुण उपासनेनंतर बाजूला घेऊन दबक्या आवाजात सांगतो की आतली आग विझली. शिबिरात देव किती जवळ होता, आता प्रार्थनेला बसलं की डोक्यात फक्त हिशेब येतात.

त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं. तुझ्या जीवनात कुठेतरी पाप लपलं असेल, ते शोध. तुझा विश्वास थंड झाला आहे, तो पुन्हा पेटव. आणि पेटवायचा उपाय? पुढच्या महिन्यात अमुक गावी मोठी सभा आहे, तिथे ये. हे उत्तर देणारे वाईट माणसं नाहीत. त्यातले काही माझे वडीलधारे आहेत, त्यांच्या प्रार्थनांनी मला आधार दिला आहे. पण हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्याने कोवळ्या मनांचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

खंडन करायचं तर आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडलं पाहिजे. त्या पक्षाचं म्हणणं असं : ख्रिस्ती जीवनाची सुरुवात देवाच्या स्पर्शाने होते, माणसाच्या कर्तबगारीने नाही. तो स्पर्श ज्या क्षणी सर्वांत तीव्र जाणवला, तो क्षण विश्वासाचं खरं रूप. पुढचं आयुष्य म्हणजे तो क्षण टिकवून धरण्याची धडपड. ऊब कमी झाली तर नातं कमी झालं. आणि नुसत्या नेमाने, शिस्तीने, रोजच्या कामाने ती जागा भरू पाहणं म्हणजे कृपेऐवजी कर्मकांड पत्करणं. मेळाव्यातल्या साक्षी ऐका, त्या याच मापाने रचलेल्या असतात. अंधार होता, मग तो दिवस उजाडला, मग प्रकाश. साक्ष तिथे संपते.

या पक्षात खरं काय आहे तेही मान्य करतो. सुरुवात कृपेने होते, हे निर्विवाद. असे क्षण खरे असतात, ते खोटे ठरवण्यात मला रस नाही. माझा विरोध मापाला आहे. तीव्रतेचा क्षण हे माप धरलं की उरलेले तीनशे साठ दिवस आपोआप उणे ठरतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. त्या क्षणाचा अर्थ काय होता, हे नंतरचे दिवसच ठरवतात. रोजचं जगणं ही त्या क्षणाची उरलेली राख नव्हे. तो क्षण ज्यासाठी दिला होता ते हेच.

पहिला पुरावा शास्त्रातूनच घेऊ, कारण समोरचा पक्षही शास्त्राचाच आधार घेतो. येशूच्या रूपांतराचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगरावर शिष्यांना त्याचं तेज दिसलं, आणि पेत्राला तिथे तीन मंडप उभारावेसे वाटले. क्षण थांबवून धरण्याची ही इच्छा आपल्या सगळ्यांची आहे. पण लूकने हा प्रसंग कुठे बसवला आहे ते पाहा. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही डोंगराच्या आधी वधस्तंभ उचलून मागे येण्याची आज्ञा दिली आहे. मात्र त्या आज्ञेत ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूककडे आहे. नवव्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनात तो येतो, मग डोंगरावरचं तेज, आणि लगेच सदतिसाव्या वचनात लूक सांगतो की दुसऱ्या दिवशी ते डोंगरावरून खाली उतरले. ‘दुसऱ्या दिवशी’ हेही लूकनेच लिहिलं आहे. खाली काय वाट पाहत होतं? गर्दी, झटके येणारा एक मुलगा आणि त्याचा हवालदिल बाप. तेजाच्या एका बाजूला ‘दररोज’ आणि दुसऱ्या बाजूला ‘दुसरा दिवस’. पेत्राचे मंडप त्या डोंगरावर कधीच उभे राहिले नाहीत.

आता ‘आग विझली’ या तक्रारीकडे येऊ. एलीयाच्या आयुष्यात कर्मेल डोंगरावर खरोखरच स्वर्गातून आग पडली. त्याहून मोठी सभा कुणाची झाली असेल? आणि पुढच्याच अध्यायात हाच एलीया जीव मुठीत धरून रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाच्या दूताने त्याला काय सांगितलं? लपलेलं पाप शोध म्हणून सांगितलं नाही, पुन्हा कर्मेलावर चल म्हणूनही नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेवला. तो जेवला, झोपला, पुन्हा जेवला. मग होरेब डोंगरावर वारा आला, भूकंप झाला, आग आली, आणि शास्त्र स्पष्ट सांगतं की परमेश्वर त्या आगीत नव्हता. मागून आला तो मंद, हळू आवाज, आणि त्या आवाजाने एलीयाला कामाची यादी दिली : आल्या वाटेने परत जा, अमक्याचा अभिषेक कर, तमक्याला तुझ्या जागी नेम. जूनमध्ये उदास झालेल्या आमच्या मुलाला हा अध्याय वाचून दाखवा. त्याची उदासी हा विश्वासाचा पराभव नाही, आणि त्यावरचा उपाय दुसरी आग नाही.

तिसरा दाखला पेन्टेकॉस्टचा. संजीवनाच्या बाजूने सर्वांत जास्त बोलला जाणारा दिवस तो. तिथेही ज्वाला होत्या, एका दिवसात सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला. पण प्रेषितांची कृत्ये चार पानं पुढे वाचत जा. सहाव्या अध्यायात त्याच मंडळीत कुरकुर सुरू झाली आहे, आणि विषय काय, तर रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी यासाठी सात माणसं निवडायला सांगितली आणि अट घातली : पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली हवीत. पंक्तीला वाढण्यासाठी! आणखी एक गोष्ट मूळ ग्रीकमध्येच नीट दिसते. अन्नवाटपाला तिथे ‘दियाकोनिया’ म्हटलं आहे, आणि प्रेषितांच्या वचनसेवेलाही दोन-तीन वचनांनंतर हाच शब्द वापरला आहे. व्यासपीठ आणि पंगत यांना शास्त्राने एकच नाव दिलं. दोघांत उच्च-नीच लावलं ते आपण.

शास्त्राचे दाखले दूरचे वाटत असतील तर आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासाकडे या. आमच्या सभांमध्ये नारायण वामन टिळकांची गोष्ट फार सांगितली जाते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एक अनोळखी युरोपियन भेटला. गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. ही गाडी वैनगंगा ओलांडून जाते, आणि तीच वैनगंगा पुढे आमच्या आरमोरीजवळून वाहते, म्हणून मला ही गोष्ट घरची वाटते. पण सभेतली साक्ष त्या डब्यातच संपते. टिळक मात्र डब्यातून उतरले. दोन वर्षं त्यांनी शास्त्र वाचलं, पर्वतावरच्या प्रवचनाशी झुंज दिली, मनातल्या मनात हो-नाही केलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक तुटले, पत्नी दुरावली. मग अहमदनगर, शिकवणं, कविता, ‘ज्ञानोदय’चं संपादन, राहुरीच्या खेड्यापाड्यांत फिरणं. 1917 साली, बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर, मिशनचा पगार सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. तिथे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. 9 मे 1919 रोजी ते गेले. डब्यातले ते काही तास, आणि नंतरची सव्वीस वर्षं. टिळक आज आपल्याला आठवतात ते यातल्या कशामुळे, याचं उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावं.

आणि ज्यांना अशी गाडी कधी भेटलीच नाही, त्यांचं काय? टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा दाखला मला टिळकांपेक्षाही मोठा वाटतो. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याच्या बातमीने त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. सुमारे पाच वर्षांनी, 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात आकाश उघडलं नाही. देवाने जाती केल्या नाहीत हे त्यांना विचाराने पटलं, आणि पटल्यावर त्यांनी शिवाशिव सोडली, तीही बाप्तिस्म्याच्या आधी. ताटात, पाण्याच्या भांड्यात, रोजच्या स्वयंपाकात त्यांचा विश्वास आधी आला, पाण्याचा विधी नंतर. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, घरात माणसांचा राबता, पोरकी मुलं, आजारपणं, प्लेग. या सगळ्यातून घर चालवणारी बाई पुस्तकभर कुठेही प्रवचन देत बसत नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं आणि थोड्याच अध्यायांवर ते थांबलं. पुढचे बहुतेक अध्याय शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी लिहिले. प्रेरणा एकाची, आणि ती पार नेणारा हात दुसरीचा. तीव्रतेचं माप लावलं तर लक्ष्मीबाई मागे पडतात. जे माप लक्ष्मीबाईंना मागे टाकतं, ते माप मोडीत काढलं पाहिजे.

पंडिता रमाबाईंच्या चरित्राने तर समोरच्या पक्षाचा क्रमच उलटा पडतो. त्या पक्षाच्या मते आधी अनुभव, मग काम. रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवांना घर दिलं, शिकवलं, पुण्या-मुंबईच्या टीकेला तोंड दिलं. आणि त्यांनीच नंतर आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. अंतरीची शांती 1891 च्या सुमारास मिळाली. म्हणजे शारदा सदनाची पहिली दोन वर्षं, ज्यांनी महाराष्ट्रातल्या विधवांचं नशीब पालटायला सुरुवात केली, ती ज्या बाईने चालवली तिला आतून ‘तसं’ अजून वाटलेलंच नव्हतं. वाटेपर्यंत ती थांबली असती तर?

त्याच रमाबाईंच्या मुक्ती मिशनात, केडगावला, जून 1905 मध्ये मोठं संजीवन झालं. मुली रडल्या, तासन्‌तास प्रार्थना चालल्या. सभांमध्ये मुक्तीचं नाव निघतं ते याच महिन्यासाठी. पण 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरून उपाशी मुलींना केडगावला घेऊन गेल्या होत्या, आणि आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता, हे सांगताना मी कुणाला ऐकलं नाही. आणि 1905 नंतर काय झालं? विणकाम, शेती, तेलघाणा, शिवण, शाळा चालूच राहिली. छापखान्यात मुली खिळे जुळवत राहिल्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवत बसल्या. एकेक ओळ, एकेक मुद्रित. हे काम त्यांनी जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. 1905 च्या त्या रात्री खोट्या होत्या का? मुळीच नाही. पण त्या खऱ्या होत्या याचा पुरावा खिळ्यांच्या पेट्यांपाशी आहे.

आता समोरच्या पक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप. ते म्हणतील, हा सगळा नेम-शिस्तीचा मार्ग म्हणजे कर्माने तारण मिळवणं झालं. पौलाने हेच नाकारलं होतं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृपेनेच तारण झालं, कर्मांनी नव्हे, कुणी बढाई मारू नये, असं तो सांगतो. बरोबर. पण त्याच दमात, पुढच्याच वचनात, पौल म्हणतो की आपल्याला सत्कृत्यांसाठी घडवलं आहे आणि ती कृत्यं देवाने आधीच तयार करून ठेवली आहेत. आठवं-नववं वचन पाठ करायचं आणि दहावं सोडून द्यायचं, ही आमच्या मंडळ्यांची जुनी खोड आहे. धानाच्या मुलखात तर हा घोटाळा व्हायलाच नको. पाऊस आपण विकत घेत नाही. त्याच्यावर आपला हक्क नाही, तो आपल्या घामाचं बक्षीसही नाही. पण पाऊस पडला म्हणून रोवणी आपोआप होत नाही, आणि रोवणी केली म्हणून कुणी पावसाची किंमत चुकती केली असंही म्हणत नाही.

नेम हा शब्द ऐकला की आमच्यातल्या काहींना तो परका, हिंदू वाटतो. त्यांना टिळकांची आठवण करून द्यावीशी वाटते. आपण ख्रिस्तापर्यंत तुकारामांच्या सेतूवरून आलो, असं ते उघड म्हणत. वारकऱ्याच्या शब्दातच शहाणपण आहे. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणं. एकदाच पंढरपूर पाहून आलेल्याला कुणी वारकरी म्हणत नाही. मराठी मातीत भक्तीची कसोटी पूर्वीपासून सातत्य हीच आहे. ती आम्ही टाकली, आणि तिच्या जागी लाउडस्पीकरची कसोटी आणली. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती रोजची. वर्षाची एकदम मागायला आपल्याला शिकवलेलं नाही.

आता आमच्या बांधीतली गोष्ट सांगतो. आरमोरीत जूनमध्ये पऱ्हे टाकतात. छोटासा तुकडा, दाट पेरलेलं बी. पंधरा दिवसांत तो तुकडा इतका हिरवा होतो की रस्त्याने जाणाऱ्याची नजर तिथेच अडकते. सगळ्या शिवारात तेवढाच हिरवा, बाकी चिखल. पण जाणता शेतकरी त्या हिरवेपणावर खूश होऊन बसत नाही. साधारण तीन आठवड्यांनी तो ते पऱ्हे मुळासकट उपटतो, पेंड्या बांधतो आणि चिखलणी केलेल्या बांधीत त्यांची रोवणी करतो. रोवणीनंतर पहिला आठवडा शिवार पाहवत नाही. उपटताना मुळं तुटलेली असतात. रोपं पिवळी पडतात, माना टाकतात, अंतराअंतरावर एकेकटी उभी असतात. नवख्याला वाटेल, सगळं गेलं. मग हळूहळू रोप नवी मुळं धरतं, हिरवं होतं, आणि फुटवे फुटायला लागतात. एका काडीच्या दहा काड्या होतात. उपटायला जीव झाला नाही म्हणून पऱ्हे तसेच ठेवले, तर ते वाढतात, दाटीत उंच होतात, वय होतं, आणि मग रोवले तरी फुटवे धड येत नाहीत. धान पऱ्ह्यात पिकत नाही.

शिबिर म्हणजे पऱ्हे. तिथे दाटी असते, एकमेकांचा आधार असतो, म्हणून हिरवेपणा डोळ्यांत भरतो. घरी आलेला तो तरुण ‘पहिल्यासारखं वाटत नाही’ म्हणतो, तो रोवणीचा पहिला आठवडा आहे. त्याला पुन्हा उपटून दुसऱ्या पऱ्ह्यात नेऊन लावणारा पाळक शेतकरी नव्हे.

मी हे कुठे शिकलो तेही सांगितलं पाहिजे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मीही अशाच एका सभेतून भरून आलो होतो. गरिबांसाठी काही करायचं, असं डोळ्यांत पाणी आणून ठरवलं होतं. जुलैत आमच्या बांधीची रोवणी झाली. संध्याकाळी बाया बांधीतून वर आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, दिवसभर पाण्यात राहून पायांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, बोटांच्या पेरांत भेगा. धुऱ्यावर पाय धुऊन त्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे सुटे पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर घाईही नव्हती. मी म्हणालो, हिशेब दोन दिवसांनी एकदमच करू. त्यांच्यातली एक वयस्कर बाई शांतपणे म्हणाली, ‘भाऊ, आजच देऊन टाका नं. घरी तेल-मीठ न्याचं आहे.’

ती रागावली नव्हती. तिने शास्त्र वाचलेलं नव्हतं. पण लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये अशी आज्ञा आहे, आणि याकोबाच्या पत्रात अडवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते असं म्हटलं आहे. ही दोन्ही वचनं मला पाठ होती. मे महिन्यातल्या त्या रात्री देवाने माझ्याकडे काय मागितलं होतं, ते मला सभेत कळलं नव्हतं. ते धुऱ्यावर कळलं. मी शेजाऱ्याकडून पैसे उसने आणून त्याच संध्याकाळी चुकते केले. मनात कुठलीही ऊब आली नाही, फक्त लाज वाटली. पण माझ्या मते माझं समर्पण त्या दिवशी झालं.

आमच्यासारख्या ठिकाणी याला आणखी एक अर्थ आहे. आरमोरीच्या मुलखात ख्रिस्ती घरं थोडी. आमचे शेजारी आमच्या सभांना येत नाहीत. आमची गाणी किती वेळ चालली, कोण किती रडलं, हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांना ठाऊक असतं ते आमचं माप, आमचा हिशेब, सुनेशी आमची वागणूक, मजुराला दिलेलं पाणी कोणत्या भांड्यात दिलं ते. नदीपलीकडे ब्रह्मपुरीला ख्रिस्तानंद रुग्णालय आहे. तिथे पोचलेल्या बाळंतिणीला दारावरच्या नावाचा अर्थ कुणी समजावत नाही. रात्री दोन वाजता दार उघडलं जातं, हे तिला कळतं. या जंगलपट्टीत आमची हीच साक्ष वाचली जाते.

आता दुसऱ्या टोकाचा एक पक्ष उरतो. माझं इथवरचं म्हणणं ऐकून काही व्यवहारी मंडळी खूश होतील आणि म्हणतील, मग या सभा, हे अश्रू हवेतच कशाला? चांगलं वागा, सेवा करा, पुरे झालं. त्यांच्याशीही मी सहमत नाही. पऱ्हे टाकले नाहीत तर रोवायचं काय? रेल्वेचा डबा नसता तर टिळक राजनांदगावला नोकरी करून निवृत्त झाले असते. प्रेरणा आपल्याला असं काही दाखवते जे रोजच्या सवयीने दिसत नाही.

यासाठी चर्चबाहेरचा, पण आमच्या शेजारचा दाखला देतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जेमतेम दीड एकराचे धनी. 1983 च्या सुमारास आपल्या बांधीत पटेल-3 जातीच्या धानात त्यांना दोन-तीन वेगळ्याच लोंब्या दिसल्या. तो एक क्षण. तशा लोंब्या त्याआधी कितीतरी जणांच्या नजरेसमोरून गेल्या असतील आणि विळ्याखाली आल्या असतील. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, जपल्या, दर हंगामात वेगळ्या पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. वर्षांमागून वर्षं. त्यातून एचएमटी हे वाण उभं राहिलं, आणि तो तांदूळ आज देशभर शिजतो. बघणं नसतं तर पुढची मेहनत कशावर झाली असती? आणि मेहनत नसती तर त्या बघण्याची आठवण तरी कुणाला राहिली असती? त्या लोंब्या काय होत्या, हे 1983 साली दादाजींनाही पुरतं ठाऊक नव्हतं. ते नंतरच्या हंगामांनी सांगितलं.

माझा सिद्धान्त एवढाच आहे. प्रेरणेचा क्षण देवाची देणगी आहे. तो मोजायचा नसतो, टिकवायचा नसतो, पुन्हा पुन्हा मागायचाही नसतो. तो रोवायचा असतो. रोवल्यावर काही दिवस पिवळेपणा येतो, तो रोग नाही. आणि ज्याच्या वाट्याला असा क्षण आलाच नाही, त्याने स्वतःला कमी समजू नये. लक्ष्मीबाई त्याच्या सोबतीला आहेत.

यातून आमच्या मंडळ्यांनी काय करावं, तेही साधं आहे. शिबिराच्या शेवटच्या रात्री मुलांना काय वाटलं ते विचारू नका, घरी जाऊन उद्या कोणाचं काय देणं फेडणार आहेस ते विचारा. पैसे असतील, माफी असेल, तुटलेलं बोलणं असेल. प्रत्येकाला एक छोटा नेम द्या, ठरल्या वेळेचा, न वाटलं तरी पाळायचा. जूनमध्ये, मन खाली बसतं त्या आठवड्यात, पाळकांनी घरोघरी जावं. दुसरी सभा लावू नये, सोबत जेवावं. एलीयाला दूताने आधी भाकर दिली होती.

आणि साक्ष त्याच रात्री घेऊ नका. वर्षभर थांबा. पुढच्या मे महिन्यात जो साक्ष द्यायला उभा राहील, त्याला गाणं म्हणायला लावण्याआधी एवढंच विचारा : गेल्या रोवणीची कुणाची मजुरी तुझ्याकडे राहिली आहे का?

हा प्रश्न मी दर वर्षी आधी मलाच विचारतो. तुम्हीही विचारा.